काम हाताचं, कर्म कपाळाचं

गेल्या पौषात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आठ दिवसांनी दवाखान्यातून घरी आणली तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणी मोसंबी आणली, कुणी शहाळं, कुणी घरच्या गाईचं तूप. पलीकडच्या आळीतल्या एक काकू आल्या. आईच्या लुळ्या हातावरून कितीतरी वेळ हात फिरवत बसल्या आणि उठताना डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "कर्माचे भोग, वहिनी. भोगूनच फिटायचे." त्या मायेनंच बोलल्या. आमच्याकडे सांत्वनाचं हेच वाक्य आहे, पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झालेलं. आई तेव्हा काही बोलली नाही. रात्री दिवा मालवल्यावर मात्र जड जिभेनं एकेक अक्षर ओढत तिनं विचारलं, "मी कुणाचं काय वाईट केलं होतं गं?"

तिचा हात तेव्हा दुखत नव्हता. त्यात जाणीवच उरली नव्हती. दुखत होता तो हा प्रश्न.

मला उत्तर देता आलं नाही. पण 'कर्म' हा शब्द त्या रात्रीपासून माझी पाठ सोडेना. बौद्ध ग्रंथांची पाली भाषा मी थोडीबहुत शिकले आहे. तिथे हाच शब्द 'कम्म' होऊन पानोपानी भेटतो, आणि तिथे तो काकूंच्या तोंडी होता तसा नाही. एकाच शब्दाला इतक्या दोन टोकांचे अर्थ कसे आले, हे शोधायला मी बसले ते खरं तर आईसाठीच.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करते. संस्कृतातल्या 'कर्म'चा प्राकृतात 'कम्म' झाला आणि मराठीत 'काम'. जोडाक्षर आधी एकाच अक्षराचं द्वित्त होतं, मग त्या द्वित्तातलं एक अक्षर गळतं आणि त्याची भरपाई म्हणून मागचा स्वर लांबतो. चर्म, चम्म, चाम. घर्म, घम्म, घाम. कर्ण, कण्ण, कान. पर्ण, पण्ण, पान. सर्प, सप्प, साप. मराठीतले असे शेकडो शब्द याच वाटेनं आले आहेत. म्हणजे आपण सकाळी उठून ज्याला लागतो ते 'काम' हेच कर्माचं थेट वारस. पोथीपुराणाची गरज न पडता, आईच्या तोंडून लेकराच्या कानात पडत ते इथवर आलं. पालीतला 'कम्म' या 'काम'च्या मधल्या पायरीसारखाच दिसतो. मराठी काही पालीतून निघालेली नाही, तिची आई महाराष्ट्री प्राकृत. पण दोन्हीकडे 'कर्म'चा उच्चार लोकांच्या जिभेवर सारखाच मऊ झाला.

मग आपल्याकडे 'कर्म'ही आहे ते कुठून आलं? ते मागाहून, पोथ्यांतून, संस्कृत रूपातच उचललं. असं पुष्कळ शब्दांच्या बाबतीत झालं आहे. 'क्षेत्रा'चं झिजून 'शेत' झालं आणि नंतर 'क्षेत्र'ही पुन्हा आलं. आता शेतात नांगर चालतो आणि क्षेत्राला यात्रा जाते. एकच शब्द दोनदा घरात आला की दोघांत वाटणी होते. झिजलेल्याकडे रोजचा व्यवहार राहतो, कोऱ्याकडे देवधर्म. काम आणि कर्म यांचं तसंच झालं, पण ही वाटणी फार महाग पडली असं मला वाटतं.

दोन्ही शब्द बोलण्यात कसे वागतात ते बघा. काम कुणीतरी करतं. ते अडतं, उरकतं, बिघडतं, पुन्हा करता येतं. माणूस कामसू असतो, कामचुकार असतो, कामाला येतो. कर्म मात्र ओढवतं, आडवं येतं. आपण म्हणतो 'कर्म माझं!' आणि ते म्हणताना हात आपोआप कपाळावर जातो. कर्मकहाणी म्हणजे रडकथा. कर्मकटकट, कर्मदरिद्री, कर्मभोग, कर्मकठीण. माणूस गेला की क्रियाकर्म. या साऱ्यांत करणारा कुठे दिसत नाही, सोसणारा तेवढा दिसतो. जो शब्द 'कृ' म्हणजे 'करणे' या धातूतून जन्मला, त्यातूनच करणं नाहीसं झालं आहे. नाही म्हणायला 'कर्मवीर' या शब्दानं जुना अर्थ जपला. भाऊराव पाटलांना आणि दादासाहेब गायकवाडांना लोकांनी कर्मवीर म्हटलं ते त्यांनी केलेल्या डोंगराएवढ्या कामासाठी. तिथे कर्म पुन्हा कपाळावरून हातात उतरलं.

दुर्भाग्यासाठी आपल्याकडे जे इतर शब्द आहेत तेही याच दिशेनं बोलतात. 'भाग्य' म्हणजे भाग, वाट्याला आलेलं. अरबीतून आलेल्या 'नशीब'चा मूळ अर्थही वाटा, हिस्सा. 'किस्मत'चाही तोच. तीन शब्द, दोन अगदी वेगळ्या भाषाकुळांतले, आणि तिन्ही म्हणतात की कुणीतरी वाटणी केली आणि तुझ्या पानात हे पडलं. 'प्रारब्ध' म्हणजे आधीच सुरू झालेलं, 'संचित' म्हणजे साठलेलं. आणि हे सगळं कमी पडलं तर सटवाई आहेच. बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री, म्हणजे षष्ठीला येते म्हणून ती सटवी, सटवाई. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, ती येऊन कपाळावर लिहून जाते. माझ्याही सहाव्या रात्री आईनं तो कागद ठेवला होता.

अशा शब्दांतला 'आपत्ती' हा शब्द मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. महापूर, भूकंप, दरड. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथात, हाच 'आपत्ति' शब्द सतत येतो आणि त्याचा अर्थ आहे नियमभंग, स्वतःच्या हातून घडलेला दोष. पाली परंपरेत भिक्षूंसाठी 227 नियम आहेत, त्यांतला मोडला की भिक्षू आपत्तीत पडतो आणि संघासमोर तसं कबूल करतो. दोन्ही अर्थांच्या मुळाशी पडणंच आहे. पण तिथे भिक्षू स्वतः पडतो आणि आपल्याकडे संकट आपल्यावर पडतं. या दोन पडण्यांत बुद्धानं नेहमी अंतर राखलं. माझ्या हातून काय झालं हा एक प्रश्न आणि माझ्यावर काय कोसळलं हा दुसरा. काकूंच्या वाक्यानं ते दोन्ही एका दाव्याला बांधले होते.

आता पालीतल्या कम्माकडे येते. अंगुत्तरनिकाय या पाली सुत्तसंग्रहात एके ठिकाणी बुद्ध भिक्षूंना सांगतो की मी चेतनेलाच कम्म म्हणतो. माणूस आधी मनात आणतो, मग कायेनं, वाचेनं किंवा मनानं करतो. इथे 'चेतना' या शब्दाशी थबकायला हवं. मराठीत चेतना म्हणजे जाग, जोम, शुद्ध. पालीत चेतना म्हणजे हेतू, मनाचा कल, 'हे मला करायचंय' अशी मनाची हालचाल. आपण 'कायावाचामनेकरून' म्हणतो त्यात ही तीन दारं अजून शाबूत आहेत. चेतनेचं बी पेरलं की त्याचा 'विपाक' होतो. विपाक म्हणजे पिकणं. पक्व, प्राकृतात पिक्क, त्यावरून आपलं पिकणं आणि पीक. हा शब्द शिक्षेचा नाही, न्यायालयाचा नाही. शेतातला आहे. शेतकरी उभ्या पिकाला कधी 'निकाल' म्हणत नाही. त्याला ठाऊक असतं की बी एकट्यानं काही करत नाही, त्याला जमीन लागते, पाणी लागतं, हवा लागते, आणि कधी सगळं असूनही गारपीट होते.

चेतनेची ही गोष्ट फक्त व्याख्येपुरती असती तर मी तिच्यात इतकी गुंतले नसते. पण बुद्धाच्या अखेरच्या दिवसांतला एक प्रसंग आहे, तो मी महापरिनिब्बानसुत्तात पुन्हा पुन्हा वाचते. बुद्ध ऐंशी वर्षांचा झाला आहे, थकला आहे, पावा गावी चुंद नावाच्या माणसाच्या आमराईत उतरला आहे. या चुंदाला ग्रंथात 'कम्मारपुत्त' म्हटलं आहे. कम्मार म्हणजे धातूचं काम करणारा, लोहार किंवा सोनार. शब्द पुन्हा 'कम्म'च्याच घरातला, कारागिराच्या हातातलं कर्म. चुंद बुद्धाला जेवायला बोलावतो आणि 'सूकरमद्दव' नावाचा पदार्थ वाढतो. तो डुकराचं मांस होता की रानातली भूछत्रं, यावर पंडितांचा वाद आजही मिटलेला नाही. ते खाऊन बुद्धाला रक्ताची हगवण लागते. तशाच अवस्थेत तो कुसिनारेच्या वाटेला लागतो. ककुत्था नदीत अंघोळ करतो, काठावर चौघडी घातलेल्या चिवरावर उजव्या कुशीवर पडतो.

आणि त्या क्षणी त्याला आठवण येते ती चुंदाची. सोबतच्या शिष्याला, आनंदाला, तो सांगतो की उद्या कुणीतरी त्या चुंदाला बोल लावेल, तुझं अन्न खाऊन बुद्ध गेला म्हणेल, आणि त्याच्या मनाला 'विप्पटिसार' होईल. तू त्याला सांग की हे दान मोठ्या पुण्याचं होतं. ज्ञानप्राप्तीच्या आधीचं भोजन आणि परिनिर्वाणाच्या आधीचं भोजन, या दोन दानांचं फळ सारखं आणि सर्वांत थोर.

विप्पटिसार या शब्दाला मराठीत थेट वारस नाही, पण त्याचा अर्थ सांगायला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. रुखरुख, चुटपुट, टोचणी, मन खाणं. वेदनेनं तळमळणारा माणूस दुसऱ्याच्या मनाची रुखरुख अगोदरच ओळखतो आणि ती काढायची तजवीज करतो. आणि कशाच्या बळावर? चेतनेच्या. चुंदाच्या मनात काय होतं, यावरच त्याचं कम्म ठरलं. ताटातल्या अन्नानं पुढे काय केलं, यावर ठरलं नाही. कर्मसिद्धांताची मी वाचलेली याहून सुंदर मांडणी दुसरी नाही, आणि ती एका माणसाचं सांत्वन करण्यासाठी केलेली आहे.

पण आईचा प्रश्न उलट्या बाजूचा होता. तिनं काही केलं नव्हतं, तिला झालं होतं. त्यासाठी संयुत्तनिकायातली एक छोटी भेट मला उपयोगी पडली. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाकडे आला. त्यानं विचारलं की काही श्रमण म्हणतात, माणूस जे काही सुखदुःख अनुभवतो ते सगळं पूर्वी केलेल्या कर्मामुळेच. आपलं काय म्हणणं? बुद्धानं ते साफ नाकारलं. तो म्हणाला की काही वेदना पित्तानं होतात, काही कफानं, काही वातानं, काही तिन्ही एकत्र बिघडून. काही ऋतू बदलल्यानं, काही आपल्याच हयगयीनं, काही कुणी मारहाण केल्यानं. आणि काही कर्माच्या विपाकानं. आठ कारणं, आणि त्यांत कर्म आठवं. शिवाय पुढे म्हणाला की ही गोष्ट तुला स्वतःलाही कळू शकते आणि जगही ती खरी मानतं. सगळं पूर्वकर्मामुळेच म्हणणारे जे दिसतं त्याच्याही पलीकडे धावतात आणि जग जे मानतं त्याच्याही.

ही यादी वाचताना मला आमच्या घरातलं बोलणं ऐकू येतं. पित्त झालंय, वात धरलाय, हवा बदलली. कफाला पालीत 'सेम्ह' म्हटलं आहे, संस्कृतातलं श्लेष्म. त्याचंच प्राकृत 'सेंभ' झालं आणि मराठीत शेंबूड. मला याचा आनंद वाटतो की बुद्धाच्या तत्त्वज्ञानातला एक शब्द मराठी पोराच्या नाकाखाली सापडतो. आणि आईच्या दुखण्याचं नाव तर उघडच कारण सांगतं: अर्धांगवायू. ज्या मराठी माणसानं हे नाव ठेवलं त्यानं वायूकडे बोट दाखवलं, पूर्वजन्माकडे नाही. आजचे डॉक्टर मेंदूतल्या रक्तवाहिनीत अडकलेल्या गुठळीकडे बोट दाखवतात. आईला वीस वर्षं रक्तदाब होता आणि गोळ्या ती आठवण झाली की घ्यायची. 'हयगय' हे कारणही त्या यादीत होतंच.

त्या काळी सगळ्याला एकच कारण सांगणारे पुष्कळ होते. बुद्धानं त्यांचे तीन गट पाडून तिन्ही परतवले. सगळं पूर्वी केलेल्यामुळे, सगळं ईश्वरानं निर्माण केल्यामुळे, आणि सगळं विनाकारण. हे तिन्ही आपल्या बोलण्यात अजून नांदतात: 'मागच्या जन्मीचं असेल', 'देवाच्या मनात असेल तसं', आणि 'कर्मधर्मसंयोग'. हा तिसरा शब्द तर मोठा विलक्षण आहे. कर्म आणि धर्म या भारताच्या दोन सर्वांत जड शब्दांचा संयोग होतो आणि मराठीत त्याचा अर्थ निघतो निव्वळ योगायोग. तिन्ही मतांवर बुद्धाचा आक्षेप एकच होता, आणि तो व्यवहारातला होता. असं मानलं तर 'हे करावं' आणि 'हे करू नये' यांना काही अर्थच उरत नाही. खून करणाराही म्हणेल की माझ्या पूर्वकर्मानंच मला हे करायला लावलं. म्हणजे कर्माचा सिद्धांत टोकाला नेला की तो अकर्माचा होतो.

'नियती' हा शब्दही असाच पारखून घ्यावा. मराठी लेखकांना तो फार आवडतो, मीही तो कितीदा वापरला आहे. हा शब्द बुद्धाच्या समकालीन मक्खलि गोसालाच्या, आजीविक पंथाच्या शिकवणीचा गाभा होता. गोसाल म्हणे की सुताचा गुंडा फेकला की तो उलगडेल तेवढाच उलगडतो, तसं मूर्खाचंही आणि शहाण्याचंही दुःख ठरलेल्या लांबीचं आहे. प्रयत्नानं ते कमी होत नाही. बुद्ध सहसा दुसऱ्यांच्या मतांबद्दल सौम्य बोलतो, पण या मताबद्दल त्यानं कठोर उपमा दिली: केसांचं कांबळं. विणलेल्या साऱ्या वस्त्रांत ते वाईट, कारण ते थंडीत गार आणि उन्हात गरम. पालीत शब्द आहे 'केसकंबल'. आपलं कांबळं त्या 'कंबल'मधूनच आलं. पांघरलं तर ऊब न देणारं पांघरूण! दुःखात माणसाला नियतीचं नाव सांगणं म्हणजे असंच काहीतरी त्याच्या अंगावर टाकणं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बौद्ध ग्रंथांत पूर्वकर्म आणि आजचं दुःख यांची सांगड घालणारं लिखाण आहे, आणि थोडंथोडकं नाही. जातककथांतही ते आहे. मज्झिमनिकायात सुभ नावाचा ब्राह्मणपुत्र विचारतो की कुणी अल्पायुषी, कुणी दीर्घायुषी, कुणी रोगी, कुणी निरोगी का असतो, आणि त्याला जे उत्तर मिळतं त्यात हिंसा करणारा पुढे अल्पायुषी होतो अशा ओळीनं जोड्या येतात. हे उत्तर आणि सीवकाला दिलेलं उत्तर कसं जुळवायचं, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, फरक वाटेच्या दिशेत आहे. अशा कर्मातून असं फळ येऊ शकतं, हे एक म्हणणं. असं फळ दिसलं म्हणजे मागे तेच कर्म असणार, हे अगदी दुसरं. दगड मारला की कैरी पडते. पण अंगणात कैरी पडलेली दिसली म्हणजे कुणी दगड मारलाच असं नाही. वारा असतो, वटवाघूळ असतं, देठ पिकलेला असतो. उलट्या वाटेनं हिशेब करायला बुद्धानं मनाईच केली आहे. कर्माचा विपाक हा त्यानं 'अचिंत्य' म्हणजे विचार करून हाती न लागणाऱ्या चार गोष्टींत घातला, आणि त्यावर डोकं शिणवणारा वेडाच्या नाहीतर मनस्तापाच्या वाटेनं जातो असंही बजावलं. आई त्या रात्री त्याच वाटेवर उभी होती.

महाराष्ट्रात हा प्रश्न पोथीतला राहिलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी कर्म आणि पुनर्जन्म हा बौद्ध विचारातला एक मोठा अडचणीचा प्रश्न म्हणून समोर ठेवला. आत्माच नाही तर मागच्या जन्मीचं कर्म वाहून आणतं कोण? गरीब गरीब आहे तो पूर्वकर्मामुळे, या विचाराचा उपयोग एकच दिसतो, असं त्यांनी लिहिलं. राज्याला आणि समाजाला त्या गरिबाच्या स्थितीची जबाबदारी झटकता यावी. ज्याला महाकारुणिक म्हणतात त्या बुद्धानं असं काही शिकवलं असेल हे मानायला ते तयार नव्हते. ज्यांच्या कपाळी शतकानुशतकं 'तुमचं कर्म' एवढंच लिहिलं गेलं, त्यांच्या वतीनं उच्चारलेला हा नकार आहे, आणि 'कर्म' शब्दाच्या मराठी इतिहासात माझ्या मते तो सर्वांत मोठा क्षण आहे. दीक्षा घेतलेल्या घरांनी 'धर्म' बाजूला ठेवून 'धम्म' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा उच्चारच तेवढा बदलला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी या सह्याद्रीत लोक हाच उच्चार करत होते. कार्ल्याच्या चैत्यगृहाचं दार करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचा लेख तिथे कोरलेला आहे, त्यात त्याला 'वढकि' म्हटलं आहे. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात तो हाच शब्द. दारापुढे उभं राहिलं की त्याचं काम अजून दिसतं. त्याचं कर्म काय होतं, हे मला त्याहून वेगळं विचारावंसं वाटत नाही.

आता मनाकडे. बुद्ध दुःखाचे दोन भाग पाडतो ते बाणाच्या उपमेनं. माणसाला एक बाण लागतो, आणि लगेच दुसरा. पहिला शरीराचा. दुसरा मनाचा: शोक, तळमळ, ऊर बडवणं, 'मलाच का' हा आक्रोश. धम्म ऐकलेल्यालाही पहिला बाण चुकत नाही, पण दुसरा त्याला लागत नाही. पालीत बाणाच्या टोकाला 'सल्ल' म्हणतात, संस्कृतातलं शल्य. आणि मराठीत याचं काय झालं? सल. 'तिच्या मनात सल राहिला.' 'काटा सलतो.' मराठीनं सल्लाचा नेमका दुसरा बाणच ठेवून घेतला. धनुष्य गेलं, पारधी गेला, अंगातलं लोखंडी टोक गेलं, आणि मनात रुतलेलं तेवढं राहिलं. मोठमोठ्या भाष्यकारांना जे समजवायला पानंच्या पानं लागली ते या दोन अक्षरांत आहे, आणि ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

वेदना या शब्दाचा प्रवासही असाच आत आत आलेला. पालीत वेदना तीन: सुखाची, दुःखाची आणि धड सुख ना दुःख अशी. मराठीत फक्त दुखरी वेदना उरली. तिचंच एक झिजलेलं रूप बायकांच्या बोलण्यात टिकलं, ते म्हणजे बाळंतपणाच्या वेणा. एवढ्या तीव्र कळा आणि त्यांच्या शेवटाला बाळ. बुद्धाच्या त्या जुन्या व्यापक अर्थाची थोडी ऊब मला वाटतं या एका शब्दात अजून शिल्लक आहे.

काकूंचं वाक्य दुसरा बाण होता, हे मला कळलं. पण पाली सुत्तं सांगून आईच्या मनातला सल निघणार नव्हता. मी तिला सीवकाची गोष्ट सांगितली, चुंदाची सांगितली. चुंदाची तिला आवडली. "त्या लोहाराला निरोप पोचला का?" एवढंच तिनं विचारलं. मी ग्रंथ पुन्हा चाळला. आनंदानं निरोप दिल्याचं तिथे लिहिलेलं नाही.

सल निघाला तो दुसरीकडूनच. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी घरी येऊ लागली, असेल पंचविशीची. आईची मिटलेली मूठ ती एकेक बोट करत उघडायची आणि मिटू द्यायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईनं तिलाही तेच विचारलं, मी कुणाचं काय वाईट केलं. मुलीनं बोट सोडलं नाही, मानही वर केली नाही. म्हणाली, "आजी, ते मनाला लावून घेऊ नका. व्यायामाचं तेवढं मनावर घ्या."

मी दाराशी चहा घेऊन उभी होते, तशीच राहिले. मनाला लावून घेणं हा दुसरा बाण. मनावर घेणं ही चेतना. सल्ल आणि कम्म, दोन्ही एका दमात, रोजच्या मराठीत, ज्या मुलीनं पालीचं एक अक्षर वाचलेलं नसावं तिच्या तोंडून.

अंगुत्तरनिकायात मिठाच्या खड्याचीही एक उपमा आहे. तो खडा वाटीभर पाण्यात टाकला तर पाणी तोंडात धरवत नाही, गंगेत टाकला तर गंगेला कळतही नाही. तसंच एकाच लहानशा दुष्कृत्याचं फळ एका माणसाला बुडवतं, आणि ज्याचं मन मोठं झालंय त्याच्या बाबतीत ते जाणवतही नाही. सुत्ताचं नाव लोणफल. 'लोण' म्हणजे मीठ, त्यावरून आपलं लोणचं. नुसत्या मिठाला मात्र आपण लोण म्हणत नाही. मिष्ट, मिट्ठ, मीठ. खारट वस्तूला मराठीनं गोडाचं नाव दिलं.

हल्ली संध्याकाळी मी कणीक भिजवते आणि त्यातला एक गोळा आईच्या उजव्या हातात देते. बोटांना तेवढाच व्यायाम. अंगठा अजून नीट वळत नाही, पण बाकीची चार बोटं कणकेवर उमटतात. काल तिनं बराच वेळ गोळा दाबला, मग डाव्या हाताच्या बोटावर चिमूटभर कणीक घेऊन जिभेला लावली.

"मीठ घालायला विसरलीस," ती म्हणाली. "आण इकडे परात, मी करते."